आमची वाटचाल: दोन खोल्या आणि एक शेततळं

२०१२ साली कोथरूडच्या दोन खोल्यांत आम्ही दोघांनी कंपनी काढली. पार्टनर मूरिंगमधला (तरंगती पवनचक्की जागेवर धरणाऱ्या साखळ्या), मी रोटरमधला (फिरणारी पाती). तरंगत्या पवनचक्क्यांची सिम्युलेशन मॉडेलं बांधायची आणि पाण्याच्या टाकीत छोट्या मॉडेलवर झालेल्या चाचण्यांशी ताडून द्यायची, एवढाच धंदा. चक्क्या युरोपच्या समुद्रात, आकडेमोड पुण्यात. बँकेतल्या साहेबांनी "पण तुम्ही नक्की विकता काय?" हे तीनदा विचारलं.

पहिलं गिऱ्हाईक एक डच इंजिनीअर. त्यांचा एकच हट्ट: आधी फ्री डिके दाखवा, लाटांचं नंतर बघू. ढकला, सोडा, किती सेकंदांत झुलतंय ते मोजा. आमच्याकडे येणाऱ्या नव्या पोरांना मी आजही तेच सांगतो. सर्जचा (पुढे-मागे सरकण्याचा) पिरियड, म्हणजे एका झोक्याची वेळ, जुळत नसेल तर स्पेक्ट्रम (कोणत्या वेगाच्या हालचालीत किती जोर, तो ग्राफ) काढायला बसूच नका.

मधली वर्षं बरी गेली.

२०१८ मध्ये एका मोठ्या क्लायंटचं सेमी-सबमर्सिबलचं (अर्धवट बुडालेल्या तरंगत्या पायाचं) काम मिळालं. निम्म्याहून जास्त उलाढाल त्या एकाच कामावर. आमच्या मॉडेलचा सर्ज पिरियड ११२ सेकंद, टाकीतल्या १:५० मॉडेलवरून काढलेला १००. क्लायंट म्हणाला, तुमचं मूरिंग चुकलंय. आम्ही केटनरी (साखळीचा झोळ) पुन्हा तपासली, साखळीचं वजन तपासलं, ओपनफास्ट या सिम्युलेशन सॉफ्टवेअरची इनपुट फाइल ओळ न् ओळ वाचली. चूक सापडेना. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीने मूरिंगचा ताठरपणा पाव पटीने वाढवला, ग्राफवर ग्राफ चपखल बसवला आणि पुढचा टप्पा उचलला. आमचे दोन महिन्यांचे पगार थकले. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या.

पार्टनर मात्र चाचणीचे फोटो बघत बसायचा. एका फोटोत त्याला दिसलं: मोजमापाच्या सेन्सरांच्या, म्हणजे लोड सेल आणि अ‍ॅक्सेलरोमीटरच्या वायरींचा अंगठ्याएवढा जाड जुडगा कॅरेजवरून (टाकीवरच्या सरकत्या पुलावरून) थेट मॉडेलवर उतरलेला. तोच स्प्रिंगसारखा ओढत असला तर?

पीव्हीसी पाइप, एंड कॅप, एम-सील आणि तळाला वाळू, असं जुगाडी मॉडेल आम्ही केलं आणि सांगोल्याजवळ त्याच्या मामांच्या शेततळ्यात सोडलं. चारी बाजूंनी मऊ स्प्रिंगा. मामा काठावर उभे, "बोट बुडंल रे!" म्हणत. वायरींशिवाय एक झोका साडेपंधरा सेकंदांच्या आसपास, जुडगा बांधला की चौदा. शेततळ्यातल्या आकड्यांवर कुणी पेपर छापणार नाही, पण १:५० ला खरी वेळ सातने (५० च्या वर्गमूळाने) भागायची, म्हणजे हिशोब तुमचा तुम्हीच करा.

खऱ्या समुद्रात तो जुडगा नसतो. पाव पटीने जास्त ताठर मूरिंग धरून डिझाइन केलं तर चक्की प्रत्यक्षात किती वाहवत जाईल, हे त्या चपखल ग्राफमध्ये कुठेच दिसत नाही. डच साहेबांनी आमचा अहवाल वाचला आणि तिकडे योग्य माणसांच्या टेबलावर ठेवला. वायरी सैल सोडून चाचणी पुन्हा झाली. पिरियड आला १११.

आता न मागता एक सल्ला. डॅम्पिंग (झोका हळूहळू विझवणारा विरोध) एका चाचणीवर ट्यून करा आणि मॉडेल दुसरीवर तपासा. ती दुसरी फाइल तोवर उघडूही नका. नेदरलँड्समधल्या मरिन या संशोधन संस्थेच्या टाकीत झालेल्या चाचण्यांशी ओसी-५ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जगभरच्या सिम्युलेशन कोडची तुलना झाली, तेव्हा भार सरासरी सुमारे २० टक्क्यांनी कमी निघत होते. घोळ सर्ज आणि पिचच्या (पुढे-मागे डोलण्याच्या) संथ हालचालीत. भल्याभल्यांची ही गत. त्यामुळे तंतोतंत बसलेला ग्राफ कुणी पुढे केला की मी आधी विचारतो, डॅम्पिंग आणलं कुठून?

पाटल्या सुटल्या. पीव्हीसीचं मॉडेल ऑफिसात माळ्यावर आहे, एक एंड कॅप निखळलीय. पुढचा टप्पा मात्र त्या दुसऱ्या कंपनीकडेच राहिला, आणि आमचं शेवटचं बिल अजून 'प्रोसेसमध्ये' आहे.