तुम्ही विचारलंत म्हणून: लुईस ब्रुक्सच का?

जुन्या हॉलिवूडचा विषय निघाला की मी मूकपटांच्या काळातल्या लुईस ब्रुक्स या अमेरिकन नटीचं नाव घेते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, अगं जिचं करिअर एकतिसाव्या वर्षी आटोपलं तिचं एवढं काय कौतुक?

तर ऐका. कॅन्ससमधलं चेरीव्हेल, जन्म 1906 चा, पंधराव्या वर्षी नाचासाठी न्यूयॉर्क, तिथून पॅरामाउंट हा फिल्म स्टुडिओ. तिच्या केसांचा तो काळाभोर बॉब सगळ्यांना माहीतच असतो, त्यावर काय बोलायचं. 1928 मध्ये बोलपटांचं निमित्त करून स्टुडिओनं पगारवाढ नाकारली, आहे त्यात राहा नाहीतर जा, तर ही बाई खरंच निघाली आणि बर्लिनला पाब्स्ट या दिग्दर्शकाकडे जाऊन 'पँडोराज बॉक्स' केला. मूकपट, त्यामुळे जर्मन येत नसली तरी अडलं नाही, पण तिकडचे समीक्षक म्हणाले हिला अभिनयच येत नाही! स्टेजमागचा सीन बघा, ब्रुक्स यात लुलू आहे आणि शोन तिचा प्रियकर, शोनची वाग्दत्त वधू दार उघडते आणि दोघं रंगेहाथ सापडतात, आणि लुलूच्या चेहऱ्यावर काय, तर नुसतं जिंकल्याचं हसू. लाज नाही की रडारड नाही. म्हणून तर तो पिक्चर अजून शिळा वाटत नाही.

मग पॅरामाउंटनं तिनं आधी मूकपट म्हणून केलेल्या 'द कॅनरी मर्डर केस'चा बोलपट करायला बोलावलं, ही गेली नाही, शेवटी पडद्यावर ओठ हिचे आणि आवाज मार्गारेट लिव्हिंग्स्टन या दुसऱ्या नटीचा. पुढे उतरती कळाच. 1938 मध्ये जॉन वेनबरोबर शेवटचा पिक्चर, नंतर न्यूयॉर्कच्या सॅक्स या मोठ्या दुकानात चक्क सेल्सगर्ल.

पण मला ती आवडते ती यानंतरची. ईस्टमन हाउस या रोचेस्टरच्या संग्रहालयातल्या जेम्स कार्डच्या आग्रहानं 1956 मध्ये तिकडे गेली, तिथे जुने पिक्चर बघत बसली आणि लिहायला लागली. नटनट्यांचं लिखाण म्हणजे बहुतेक वेळा गोडगोड आठवणी, हिचं तसं नाही, लिलियन गिशसारख्या नटीला स्टुडिओवाल्यांनी पद्धतशीर कसं बाजूला सारलं ते ती पगार-काँट्रॅक्टसकट मांडते. आत्मचरित्र मात्र जाळून टाकलं म्हणे. आपल्या आयुष्यातलं लैंगिक सत्य लिहायची तयारी नाही आणि त्याशिवाय ते वाचण्यासारखं होणार नाही, असं तिचं म्हणणं. हे पटलं मला.

लेखांचं पुस्तक 1982 चं, 'लुलू इन हॉलिवूड'. त्यातला हम्फ्री बोगार्ट या नटावरचा लेख आधी वाचा, गिश आणि ग्रेटा गार्बो या नट्यांवरचा नंतर.