तुम्ही विचारलंत म्हणून : हा आलिम खरा का, आणि कुठल्या पंथाचा?

मी मूळची रायगड जिल्ह्यातली, कोकणी मुसलमान, आणि बरीच वर्षं अरबी शिकवते आहे. त्यामुळे लोक माझ्यासमोर मोबाइल धरतात, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवतात आणि विचारतात, “हे खरे आलिम आहेत का? आणि कुठल्या पंथाचे?” आलिम म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा जाणकार. विचारणारे कधी घरातले असतात, कधी कॉलेजातले हिंदू सहकारी, कधी बातमी लिहायला बसलेला एखादा तरुण पत्रकार. अलीकडे सर्वांत जास्त ज्यांच्याबद्दल विचारलं जातं ते म्हणजे पाकिस्तानी धर्मविचारक जावेद अहमद गामिदी. तेव्हा त्यांच्याच निमित्तानं सांगते.

पहिली गोष्ट ही की हे दोन प्रश्न आहेत. ते एका दमात विचारले जातात, आणि बहुतेकांच्या मनात ते एकच असतात : आपल्या पंथाचा असेल तर खरा, नसेल तर संशयास्पद. हदीस, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याच्या परंपरेनं आलेल्या नोंदी, पारखणाऱ्या जुन्या विद्वानांची रीत अशी नव्हती. इमाम बुखारी (मृत्यू इ.स. ८७०) यांचा हदीससंग्रह सुन्नी मुसलमान कुरआनच्या खालोखाल मानतात. त्यात इम्रान बिन हित्तान या माणसाकडून आलेली हदीस आहे. हा इम्रान खारिजी, म्हणजे प्रेषितांचे जावई हजरत अली यांच्या विरोधात फुटून निघालेल्या पंथाचा होता. नुसता खारिजीच नव्हे, हजरत अलींच्या मारेकऱ्याची स्तुती करणारी कविता त्यानं रचली होती. सुन्नी असो की शिया, कुठल्याही मुसलमानाच्या अंगावर काटा यावा अशी ती गोष्ट. तरीही त्याचं नाव बुखारींच्या संग्रहात आहे. हदीसच्या जाणकारांत खारिजींची ख्याती खरं बोलणारे अशी होती. त्यांचं मत चुकीचं, पण जे ऐकलं तेच सांगतील, एवढा भरवसा होता. पंथ एका पानावर आणि सचोटी दुसऱ्या पानावर, असा तो हिशेब होता.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आज जगातले बहुतेक मुसलमान कुरआन ज्या पाठानुसार वाचतात तो पाठ हफ्स बिन सुलैमान यांनी आपले गुरू आसिम यांच्याकडून घेतला. माझ्या घरातली प्रत तीच, तुमच्या शेजारच्या मशिदीतली तीच. पण हेच हफ्स हदीस सांगू लागले की हदीसचे पारखी त्यांना कमकुवत ठरवतात. पाठाच्या बाबतीत ज्याच्या शब्दाला जग मान देतं, त्याच माणसाचा शब्द हदीसच्या बाबतीत घेतला जात नाही, आणि यात कुणाला विसंगती वाटली नाही. म्हणून “हे विश्वासार्ह आहेत का?” या प्रश्नावर मी उलट विचारते, “कशाबाबत?” तफसीर (कुरआनचं भाष्य) सांगताहेत, फिकहचा (धर्माच्या कायद्याचा) निर्णय देताहेत, इतिहास सांगताहेत, की राजकारणावर बोलताहेत? वारसा हक्काचा बारीक हिशेब चोख करणारा मुफ्ती, म्हणजे धार्मिक निर्णय देणारा आलिम, लसीकरणावर बोलायला लागला तर तिथे तो तुमच्या-माझ्यासारखाच एक माणूस असतो.

मग सनद, म्हणजे कुणाकडून शिकल्याचा दाखला. मुहम्मद इब्न सिरीन (मृत्यू ७२९) यांचं एक वचन हदीसच्या ग्रंथांत सांगितलेलं आहे : हे ज्ञान म्हणजेच धर्म आहे, तेव्हा आपला धर्म कुणाकडून घेता आहात ते नीट पाहा. कुणापाशी शिकला, किती काळ शिकला, काय वाचलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि खऱ्या आलिमाला त्याचा राग येत नाही. गामिदींबद्दल पहिला आक्षेप इथेच येतो. त्यांनी मदरशात दर्स-ए-निजामी, म्हणजे मदरशांचा पारंपरिक अभ्यासक्रम, पूर्ण केलेली नाही. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात ते इंग्रजी साहित्य शिकले. ‘इंग्रजीचा पदवीधर’ असं म्हणून त्यांना बाजूला सारणारे पुष्कळ आहेत. पण त्यांना गुरूच नव्हते असं नाही. १९७३ पासून ते अमीन अहसन इस्लाही (१९०४–१९९७) यांच्यापाशी शिकले. इस्लाही हे हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०) यांचे शिष्य. दोघेही मूळ उत्तर प्रदेशातल्या आजमगढकडचे, आणि तिथल्या सराय मीरच्या मदरसतुल इस्लाहशी दोघांचंही नातं. म्हणजे साखळी आहे, फक्त ती देवबंद किंवा बरेली या नामांकित केंद्रांवरून जात नाही. इथे मला एक गोष्ट खटकते. गामिदींना मदरशाची सनद मागणारे काही जण हदीसचे अभ्यासक नासिरुद्दीन अल्बानी (१९१४–१९९९) यांचं नाव मात्र आदरानं घेतात. अल्बानी दमास्कसमध्ये घड्याळं दुरुस्त करून पोट भरत, आणि हदीसचा अभ्यास त्यांनी मुख्यतः जाहिरिया ग्रंथालयात बसून स्वतःच केला. कसोटी लावायची तर दोघांनाही लावा.

आता पंथ. तुम्हाला एका शब्दात उत्तर हवं असतं, आणि ते देता येत नाही, कारण एकाच माणसाला तीन-चार ओळखी असतात. नमाज, रोजा, विवाह, वारसा यांसाठी मजहब, म्हणजे धर्माच्या कायद्याची शाखा : हनफी, मालिकी, शाफई, हंबली, किंवा शियांचा जाफरी. श्रद्धेच्या तत्त्वांसाठी अशअरी, मातुरीदी वगैरे. आणि भारत-पाकिस्तानात लोक ज्यावरून भांडतात तो मसलक : देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, जमाते इस्लामी. देवबंदी आणि बरेलवी यांतले कट्टर एकमेकांच्या मशिदीत पाऊल टाकणार नाहीत, पण दोघेही हनफीच.

मजहब आणि सचोटी यांची गल्लत कशी होते ते आम्हा कोकण्यांना ताटातच दिसतं. अरबस्तानाशी चाललेल्या समुद्री व्यापारातून आमच्याकडे इस्लाम आला आणि आम्ही शाफई झालो. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. आमच्या नात्यातली एक मुलगी मिरजेकडे सून म्हणून गेली. तिनं एका मौलानांचं भाषण ऐकलं : मासळीखेरीज समुद्रातलं काही खाणं जायज नाही, खेकडा तर नाहीच. रडवेल्या आवाजात तिचा फोन आला, “खाला, आपण जन्मभर कुर्ल्या खाल्ल्या, ते सगळं हराम होतं का?” मी तिला सांगितलं, मौलाना खरं तेच बोलले, पण हनफींचं. शाफईंना समुद्रातलं बहुतेक सगळं खाणं मोकळं आहे, आणि खेकड्याबद्दल तर शाफईंतच दोन मतं आहेत. मौलानांच्या बोलण्यात खोट एवढीच की ‘हनफी मतानुसार’ हे दोन शब्द त्यांनी गाळले, आणि ते दोन शब्द गाळले की ऐकणाऱ्या मुलीचं माहेर गुन्हेगार ठरतं. हा दोष मी लहान मानत नाही.

माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) घ्या. त्यांच्या दर्ग्याच्या उरुसात मुंबईचे पोलीस चादर घेऊन जातात, ते हेच. कोकणी, मजहबानं शाफई, सूफी विचारात इब्न अरबींचे अनुयायी, आणि कुरआनवर अरबीत भाष्य लिहिणारे. त्या भाष्यात आयतींची एकमेकींशी जोडणी दाखवण्यावर त्यांचा भर आहे. आज कुणी त्यांचा व्हिडिओ दाखवून ‘कुठल्या पंथाचे?’ असं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? आणि गंमत नव्हे, मोलाची गोष्ट अशी की गामिदींच्या परंपरेचा मुख्य मुद्दाही हाच : प्रत्येक सुरेला एक मध्यवर्ती विषय असतो, आयती सुट्या नाहीत, मागचं-पुढचं सोडून एक आयत उचलायची नाही. फराहींनी त्याची शिस्त घालून दिली, पण आयतींची जोडणी शोधण्याचं हे काम माहीमच्या किनाऱ्यावर पाच शतकं आधी झालेलं आहे. नवं आहे म्हणून फेकून द्या, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

गामिदींवरचा सर्वांत मोठा शिक्का ‘मुन्किर-ए-हदीस’चा, म्हणजे हदीस न मानणारा. हा शिक्का मला मान्य नाही. हदीस बाजूला ठेवणारा विचार पाहायचा तर तो गुलाम अहमद परवेज (१९०३–१९८५) यांचा. गामिदी सुन्नत आणि हदीस यांत फरक करतात : नमाज, रोजा, हज यांसारख्या पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या समाजाच्या आचरणातून आलेल्या गोष्टी म्हणजे सुन्नत, ती कुरआनइतकीच पक्की, एकेकट्या माणसांकडून आलेली हदीस धर्माचं स्पष्टीकरण करते, त्यात नवी भर घालत नाही. हे पारंपरिक उलेमांना मान्य नाही, आणि त्यांच्या आक्षेपात वजन आहे. पण ‘हदीसची जागा वेगळी ठरवतो’ आणि ‘हदीस नाकारतो’ यांत अंतर आहे. ते पुसून टाकणारा टीकाकार माझ्या लेखी स्वतःचीच विश्वासार्हता कमी करतो.

समकालीनांच्या शिव्यांचं काय करायचं, हेही जुन्यांनी ठरवून ठेवलं आहे. इमाम मालिक यांनी प्रेषितचरित्रकार इब्न इसहाक यांना दज्जाल, म्हणजे महाखोटारडा, म्हटलं होतं. तरीही प्रेषितांचं चरित्र लिहिणारा प्रत्येक जण आजही इब्न इसहाकांकडे जातो, आणि मालिक यांचा मानही कमी झालेला नाही. चौदाव्या शतकातले हदीसचे पारखी जहबी यांनी तर नियमच सांगितला : समकालीन एकमेकांबद्दल जे बोलतात त्याची फारशी दखल घेऊ नये, विशेषतः त्यामागे वैर, मसलक किंवा मत्सर दिसत असेल तेव्हा. ‘फलाणा गुमराह आहे’ असा व्हिडिओ आला की मी आधी बोलणाऱ्याचा मसलक पाहते, आणि मग त्यानं समोरच्याचं वाक्य पूर्ण दाखवलं आहे की अर्धवट, ते.

मग माझं स्वतःचं मत काय? गामिदी मला प्रामाणिक वाटतात. समोरच्याचं म्हणणं ते समोरच्याला मान्य होईल असं मांडतात, आणि आपलं ते आपलं आकलन आहे असं सांगतात. त्यांनी मतांची किंमतही मोजली आहे. पाकिस्तानातल्या ईशनिंदा कायद्याला आणि दहशतवादाला विरोध केल्यावर धमक्या आल्या. त्यांच्या विचाराशी जोडलेले डॉ. फारूक खान यांची ऑक्टोबर २०१० मध्ये मर्दानमध्ये हत्या झाली. गामिदींना देश सोडावा लागला. पण माझी हरकतही आहे. धर्मत्यागाची शिक्षा, जिझिया, काफिरांशी युद्ध, या साऱ्या गोष्टी प्रेषितांच्या थेट श्रोत्यांपुरत्या होत्या, असं ते एकाच तत्त्वावरून ठरवतात : प्रेषितांनी सत्य इतकं उघड केलं की नाकारायला सबबच उरली नाही, म्हणून ती शिक्षा ईश्वराची होती, नंतरच्या कुणाला ती देण्याचा हक्क नाही. निष्कर्ष मला आवडतो. म्हणूनच मी जास्त सावध होते. शतकानुशतकांच्या फिकहचे इतके कठीण प्रश्न एकाच किल्लीनं उघडत असतील, तर ती किल्ली पुन्हा पुन्हा तपासायला हवी. माझ्या हिंदू मित्रांना मी हेच सांगते. ‘हे तर उदारमतवादी आहेत, म्हणजे चांगले’ ही पारख नव्हे. आपल्याला सोयीचं बोलतो म्हणून खरा, हा निकष तुम्ही आपल्या संतांना लावत नाही, मग आलिमाला का लावता?

याच्या उलट मुफ्ती तकी उस्मानी. १९४३ मध्ये देवबंदला जन्मलेले, पक्के हनफी-देवबंदी, पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत खंडपीठावर न्यायाधीश राहिलेले. मी शाफई, आणि त्यांच्या अनेक मतांशी माझे मतभेद आहेत. पण इस्लामी बँकिंग उभं करणाऱ्यांत ते अग्रणी असताना, २००७च्या अखेरीस त्यांनीच म्हटलं की बाजारातले ८५ टक्क्यांपर्यंत सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, शरियतच्या कसोटीला उतरत नाहीत. आपल्याच वर्तुळातल्या बँका नाराज होतील असं हे बोलणं होतं. असं बोलणारा माणूस मला विश्वासार्ह वाटतो, पंथ कुठलाही असो.

एक परीक्षा तुम्ही अरबी न येताही घेऊ शकता. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०१७ ला तिहेरी तलाकवर तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला, त्या दिवसांतली भाषणं शोधून ऐका. एका बैठकीत दिलेले तीन तलाक आमच्या शाफईंसह चारही सुन्नी मजहबांत तीनच धरले जातात. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी ते एक धरावेत असं मांडलं, अहले हदीस तेच मानतात, आणि जाफरी फिकहमध्ये एका बैठकीत तीन तलाक होतच नाहीत. हा सगळा नकाशा त्या वक्त्यानं समोर ठेवला का? की आपलं मत म्हणजेच इस्लाम, असं सांगितलं? ज्या बाईचं घर या उत्तरावर टिकणार किंवा मोडणार आहे, तिला दुसरं मत अस्तित्वात आहे हेच न सांगणं ही माझ्या दृष्टीनं ज्ञानाची अफरातफर आहे.

आणि प्रश्न तुमच्या स्वतःच्या संसाराचा असेल, वाटणीचा, तलाकचा, दत्तक मुलाचा, तर व्हिडिओवर विसंबू नका, मग तो गामिदींचा असो की आणखी कुणाचा. कागदावर प्रश्न लिहा, मुफ्तींकडे द्या आणि उत्तरही लेखीच मागा. खाली दोन ओळी जोडा : हे उत्तर कुठल्या मजहबाप्रमाणे आहे, आणि याबाबत दुसरं मत आहे का? जाणकार मुफ्ती उत्तराखाली ग्रंथाचं नाव, खंड आणि पान लिहितो. हनफी असेल तर तिथे बहुधा ‘शामी’ दिसेल, म्हणजे दमास्कसच्या इब्न आबिदीन यांचा ग्रंथ. पानाचा आकडा नसेल तर तो मागून घ्या.