कात्री लावण्याआधी : आमची वाटचाल

जुन्या पुस्तकांच्या पानांची शुभेच्छापत्रं करतो म्हटलं की पुस्तकवेडा माणूस आधी दचकतो. ‘म्हणजे चांगली पुस्तकं फाडता?’ हा प्रश्न सुरुवातीपासून आमच्या मागे लागलाय, आणि आमच्या धंद्याला वळण लावलं तेही त्यानंच.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ कापण्या-चिकटवण्यात नाही, निवडण्यात जातो. आम्ही घेतो ती बांधणी उसवलेली, मधली पानं गहाळ झालेली, कडा कसरीनं खाल्लेली पुस्तकं. कालबाह्य कोश, बदललेल्या अभ्यासक्रमांची गाइडं. पुस्तक दुर्मीळ वाटलं, समासात कुणाची जुनी टिपणं दिसली, की ते बाजूला ठेवतो आणि जाणकाराला दाखवतो. बुरशीचा वास आला तर मात्र दयामाया नाही. एका पुस्तकाची बुरशी अख्ख्या गठ्ठ्याला लागते.

कागदाचा स्वभाव कळायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरात आला. स्वस्त कागदातल्या लिग्निनमुळे, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे, पान उजेडात पिवळं पडतं आणि शाई फुटू नये म्हणून केलेल्या तुरटी-राळेच्या प्रक्रियेतून राहिलेलं आम्ल त्याला ठिसूळ करतं. त्याहून जुना चिंध्यांचा कागद कितीतरी चिवट असतो, पण तो हाती आला तर कात्री लावायचं धाडस होत नाही. आमची परीक्षा साधी: पानाचा कोपरा मागंपुढं दुमडायचा. लगेच तुटला, तर ते पान घडीवर येऊ द्यायचं नाही, सपाट भागावरच लावायचं. तसंही पुस्तकाचं पान साधारण ६० ते ८० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). कार्डाचा भार २५० ते ३०० जीएसएमच्या जाड कागदानंच पेलायचा.

गोंद जास्त ओला झाला की पान फुगतं आणि सुरकुत्या पडतात. म्हणून आम्लरहित पीव्हीएचा, म्हणजे पांढऱ्या गोंदाचा, पातळ थर द्यायचा, वर वजन ठेवायचं आणि घाई करायची नाही. फोटो अल्बममध्ये जुनं पान फोटोला थेट टेकू देत नाही, कारण आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. पान पुढं आणखी पिवळं होईल, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. काहींना तेच हवं असतं.

वाचन मात्र टाळता येत नाही. लग्नाच्या कार्डावर खुनाचा तपास किंवा पोटदुखीची लक्षणं आली तर कोण हसेल आणि कोण रुसेल, सांगता येत नाही. त्यामुळे कापण्याआधी पान दोन्ही बाजूंनी वाचतो. या कामाला सगळ्यात हळू हात आमचाच, कारण मध्येच गोष्ट रंगते.

मोठी ऑर्डर आली की हमखास मागणी होते, ‘एकच छान पान स्कॅन करून सगळ्या कार्डांवर छापा.’ विकत घेतलेलं पान चिकटवणं वेगळं, त्याच्या प्रती काढणं वेगळं. स्वामित्वहक्क संपलेला नसेल तर आम्ही नकार देतो. काही ऑर्डरी त्यामुळे गेल्या. खरी पानं वापरली तर प्रत्येक कार्डावरचा मजकूर निराळा येणार. ते चालणाऱ्यांचंच काम आम्ही घेतो.

उरलेल्या लांब पट्ट्या क्विलिंगला, म्हणजे पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीला, जातात, बारीक कपटे भिजवून त्यांचा लगदा करतो आणि नवे जाडसर कागद पाडतो. छपाईच्या शाईमुळे ते करडेच निघतात, पांढरे होत नाहीत. पुठ्ठ्याची कव्हरं बरेच दिवस नुसती साठत होती. आता त्यांच्या वह्या बांधतो, आणि सध्या कार्डांपेक्षा या वह्याच जास्त खपतात.