कोंबडीच्या तंगडीतले अर्धवट हाड: भ्रूणांचे सांगाडे रंगवण्याचा माझा अनुभव

कोंबडीच्या तंगडीवरचे मांस संपले की मुख्य नळीच्या कडेला चिकटलेले, खाली निमुळते होत जाऊन मध्येच संपणारे एक बारीक हाड हाती लागते. बहुतेक जण ते ताटाच्या कडेला ठेवून देतात. या हाडाचे नाव फिब्युला. माणसाच्या पायात ते गुडघ्याखालून थेट घोट्यापर्यंत जाते आणि डायनासोर आणि पक्षी यांच्यामधला दुवा मानल्या जाणाऱ्या आर्किऑप्टेरिक्सच्या जीवाश्मांतही ते घोट्यापर्यंत पोहोचलेले दिसते. आजच्या पक्ष्यांत मात्र ते वाटेतच थांबते. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात आखूड दिसणारे हे हाड अंड्यातील भ्रूणात पहिल्यापासून आखूड असते, की ते कधीतरी मागे पडते, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

नैतिकता समितीची परवानगी रीतसर अर्ज केल्यावर मिळाली. त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. अंडी मिळवणे त्यामानाने अवघड गेले. दुकानातील अंडी फलित नसतात, आणि हॅचरीवाले घाऊक गिऱ्हाइकांत गुंतलेले असल्यामुळे एका विद्यार्थ्याला एखाद-दुसरा ट्रे देण्यात त्यांना रस नसतो. अखेर आमच्या विभागातील प्रयोगशाळेच्या मामांनी ओळखीतून सोय करून दिली. इन्क्युबेटरचे तापमान ३७.५ अंश सेल्सिअस आणि आत पाण्याचा ट्रे, एवढी व्यवस्था पुरते. काही दिवसांनी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली की तांबड्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. ज्यात ते दिसत नाही ते अंडे बाजूला काढायचे.

भ्रूणाचे वय दिवसांत मोजून भागत नाही, ही गोष्ट मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावली होती. अंडे उबवण्यापूर्वी किती दिवस साठवले होते आणि इन्क्युबेटरचे दार किती वेळा उघडले गेले, यावर वाढीचा वेग बदलतो, त्यामुळे एकाच दिवशी ठेवलेल्या दोन अंड्यांतील भ्रूण सारखे नसतात. म्हणून व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ साली ठरवून दिलेल्या ४६ अवस्थांची तालिका वापरतात. पायाच्या बोटांमधील खाचा, पापण्या, पिसांचे अंकुर अशा खुणांवरून अवस्था निश्चित करायची असते. तालिकेतील चित्रे आणि सूक्ष्मदर्शकाखालचा भ्रूण यांची सांगड घालायला सुरुवातीला मला फार वेळ लागे. माझ्या मते या प्रकल्पातील खरे शिक्षण तेच होते, रंग देणे हा त्यामानाने स्वयंपाकाचा भाग.

तरी तो स्वयंपाक सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण कृतीच्या कागदावर दोन ओळींत उरकलेली प्रत्येक पायरी प्रत्यक्षात काही ना काही अट घालते. भ्रूण आधी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात, मग त्वचा आणि आतील अवयव चिमट्याने काढून टाकतात. त्यानंतर अल्शियन ब्लू हा रंग येतो, जो कूर्चेतील, म्हणजे भ्रूणात हाडाच्या आधी तयार होणाऱ्या मऊ सांगाड्यातील, आम्लधर्मी शर्करायुक्त द्रव्यांना चिकटून ती निळी करतो. हा रंग अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात द्यावा लागतो, आणि अडचण इथेच आहे: कूर्चा नीट रंगायला आम्ल हवे, पण तेच आम्ल नव्या हाडातील कॅल्शियम विरघळवते. म्हणजे निळ्याच्या हव्यासापायी भ्रूण जास्त वेळ ठेवला तर पुढचा लाल रंग धरायला काही उरत नाही. आम्ही रात्रभर ठेवून सकाळी बाहेर काढण्यावर स्थिरावलो.

नंतर पोटॅशियम हायड्रॉक्साइड या क्षाराचे सौम्य द्रावण. यात स्नायू हळूहळू पारदर्शक होऊ लागतात आणि आतला सांगाडा वर येतो. त्यातच अलिझारिन रेडचे थेंब टाकले की द्रावण जांभळाच्या रसासारखे होते आणि जिथे कॅल्शियम साठले आहे तेवढाच भाग लाल होतो. शेवटी क्षार कमी आणि ग्लिसरीन जास्त करत नमुने शुद्ध ग्लिसरीनमध्ये न्यायचे आणि बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचा एखादा खडा टाकायचा. सहा-सात दिवसांच्या कोवळ्या भ्रूणांना मात्र क्षार सोसत नाही, ते विस्कटतात. त्यांच्यात अजून हाड बनलेलेच नसल्यामुळे नुसता निळा रंग देऊन, अल्कोहोलने पाणी पूर्ण काढून, त्यांना मिथाइल सॅलिसिलेटमध्ये पारदर्शक केले. पाण्याचा अंश जरी राहिला तरी द्रव दुधाळ होतो. कंबरदुखीच्या मलमात हेच द्रव्य असल्यामुळे त्या दिवसांत वसतिगृहातील मैत्रिणी माझ्या पाठीची चौकशी करत असत.

सगळे नमुने अवस्थेनुसार ओळीने मांडल्यावर उत्तर स्पष्ट दिसले. सहाव्या दिवसाच्या आसपास दोन निळ्या कांड्या शेजारी शेजारी आहेत, लांबी जवळजवळ सारखी, आणि फिब्युलाचे खालचे टोक घोट्यापाशी टेकलेले आहे. दहाव्या दिवसाच्या सुमारास टिबिया, म्हणजे शेजारची मुख्य नळी असलेले हाड, बरेच पुढे निघून गेले आहे, त्याच्या मधल्या भागाला लाल पट्टा आला आहे, आणि फिब्युला मागे राहिले आहे. ते झिजत नाही की विरघळत नाही. त्याच्या खालच्या टोकाची वाढ लवकर थांबते, आणि शेजारचे हाड वाढतच राहते. ‘पक्ष्यांत हे हाड ऱ्हास पावले’ असे पाठ्यपुस्तकी वाक्य वाचताना माझ्या मनात याहून वेगळेच चित्र उभे राहत असे.

इथे एक मोह टाळावा लागतो. भ्रूणातील लांब फिब्युला पाहून कोंबडी अंड्यात आधी डायनासोर होते असे म्हणावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट हेकेल यांनी भ्रूण आपल्या पूर्वजांचा प्रवास पुन्हा करतो असा सिद्धांत मांडला होता, पण तो त्या स्वरूपात टिकला नाही. टिबिया आणि फिब्युला या दोन्हींच्या वाढीची सुरुवात सारखी आहे आणि पुढे फिब्युलाची वाट लवकर बंद होते, इतकेच माझ्या नमुन्यांवरून म्हणता येते.

ती वाट कशामुळे बंद होते, हे रंगांतून कळत नाही. चिली विद्यापीठातील बोतेल्यो, वार्गास आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली कोंबडीच्या भ्रूणात इंडियन हेजहॉग या जनुकाचे काम दडपले, तेव्हा फिब्युला लांब राहून घोट्यापर्यंत पोहोचले. वृत्तपत्रांनी त्यावर ‘डायनासोरचे पाय असलेली कोंबडी’ असे मथळे दिले, जे प्रयोगाच्या मानाने फारच चढे होते. जनुक नेमके कुठे सक्रिय आहे हे पाहण्याची सोय आमच्याकडे नसल्यामुळे मी अहवालात कारणांची चर्चा या प्रयोगापुरतीच ठेवली आणि बाकीची पाने मोजमापांना दिली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, की सगळ्या पक्ष्यांत हे हाड एकाच वेळी थांबते का? त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आता माझ्या मागच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने हीच कृती बदकाच्या अंड्यांवर सुरू केली आहे. बदकाला उबवणीचे २८ दिवस लागतात, कोंबडीला २१, त्यामुळे त्याच्या ओळीतले नमुने माझ्या ओळीशी दिवसांनी नव्हे तर अवस्थांनीच जुळवावे लागणार आहेत.