एमआरएनए वाढला, मग प्रथिन का वाढलं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नांदेड, लातूर, संभाजीनगरकडच्या एम.एस्सी.च्या मुलामुलींकडून हा प्रश्न सारखा येतो: मेदपेशीत एखाद्या जनुकाचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश, भरपूर दिसतो, मग प्रथिन त्या मानाने का सापडत नाही? आणि आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांचा यात हात किती?

जायकवाडीतून पाणी सुटलं म्हणून ते शेवटच्या चारीला पोचलंच असं नाही. मधली दारं कोण उघडतं, कोण मिटतं, त्यावर रान भिजणं अवलंबून असतं. एमआरएनएचंही तेच. तो कुठे कापून जोडायचा, केंद्रकाबाहेर कधी सोडायचा, किती तास टिकू द्यायचा, प्रथिन घडवणाऱ्या रायबोसोमवर चढू द्यायचा की नाही, ही सगळी दारं आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या ताब्यात असतात.

यातलं सर्वांत स्वच्छ उदाहरण आयएमपी-२ या अशाच एका प्रथिनाचं. ते यूसीपी-१ (तपकिरी मेदात ऊर्जा जाळून उष्णता करणारं प्रथिन) च्या एमआरएनएला धरतं आणि त्याचं प्रथिनात रूपांतर होऊ देत नाही. २०१५ साली आयएमपी-२ नसलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यांच्या तपकिरी मेदात यूसीपी-१ प्रथिन जास्त बनत होतं, ते जास्त ऊर्जा जाळत होते आणि चरबीयुक्त खाद्य देऊनही फारसे लठ्ठ होत नव्हते. नुसतं क्यूपीसीआर, म्हणजे फक्त एमआरएनएचं मोजमाप, करणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागलं नसतं. सॅम-६८ हे दुसरं प्रथिन वेगळ्या टप्प्यावर काम करतं: ते नसलं की एमटॉर या पेशीची वाढ चालवणाऱ्या प्रथिनाच्या एमआरएनएत पाचवा इंट्रॉन (कापून टाकायचा तुकडा) तसाच राहतो, पूर्ण प्रथिन कमी पडतं आणि मेदपेशी नीट घडत नाहीत.

तिसरं प्रथिन एचयूआर मात्र सरळ नाही, आणि माझ्या मते शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे. ते एमआरएनएच्या शेपटीकडच्या ए-यू भरपूर असलेल्या पट्ट्यांना चिकटतं आणि बहुतेक वेळा त्याचं आयुष्य वाढवतं. थ्रीटीथ्री-एलवन (प्रयोगशाळेत मेदपेशी घडवता येतात अशा उंदराच्या पेशी) पेशींत ते सी/ईबीपी-बीटा या मेदपेशी घडवायला सुरुवात करणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए टिकवतं. तिथे एचयूआर कमी केलं तर मेदपेशी कमी घडतात, असं जुन्या कामांत दिसलं. पण २०१९ आणि २०२० मध्ये फक्त मेदातून एचयूआर काढलेले उंदीर तपासले, तेव्हा त्यांची चरबी वाढलेली आणि इन्सुलिनला प्रतिसाद बिघडलेला निघाला. कारणंही सापडली: एचयूआर चरबी फोडणाऱ्या एटीजीएलचा आणि मेद बनण्याला आवर घालणाऱ्या इनसिग-१ चा एमआरएनएही टिकवतं. एकच प्रथिन शेकडो एमआरएनए धरतं. त्या वेळी पेशीत कोणते हजर आहेत, त्यावर निकाल फिरतो. म्हणून प्रयोग कितव्या दिवशी केला हे लिहिल्याशिवाय एचयूआरबद्दल काही ठामपणे म्हणू नका.

आणि त्यासाठी पेशी आधी नीट घडायला हव्यात. थ्रीटीथ्री-एलवन पेशी वाढवताना काफ सीरम (वासराच्या रक्तातलं सीरम) वापरा आणि साधारण ७० टक्के जागा भरली की नव्या भांड्यात हलवा. वारंवार पूर्ण भरू दिल्या तर त्या मेदपेशी होण्याची क्षमताच गमावतात. प्रयोगाच्या प्लेटमध्ये मात्र पूर्ण भरू द्या, वर दोन दिवस थांबा. मग मेदपेशी घडायला चालना द्या: १० टक्के एफबीएस (गर्भातल्या वासराचं सीरम) असलेल्या माध्यमात ०.५ मिलिमोलर आयबीएमएक्स, १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन आणि मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन, ४८ तास. पुढचे ४८ तास फक्त इन्सुलिन. नंतर दर दोन दिवसांनी साधं माध्यम. मेदाचे थेंब आठवडाभरात भरतात. सी/ईबीपी-बीटा पहिल्या काही तासांत वर येतं, मेदपेशी घडवणारं मुख्य प्रथिन पीपीएआर-गॅमा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नमुने त्या हिशोबाने घ्या.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. इनक्युबेटरच्या तबकातलं पाणी आटतं आणि प्लेटच्या कडेच्या खणांत माध्यम घट्ट होतं. मेद रंगवणाऱ्या ऑइल रेड ओ रंगातलं आयसोप्रोपेनॉल उडून लाल खडे बसतात आणि ते मेदाचे थेंब समजले जातात. रंगाच्या साठ्याचे तीन भाग आणि पाण्याचे दोन भाग त्याच दिवशी मिसळा, गाळा, झाकून ठेवा.

आरएनए काढताना ट्रायझॉल या पेशी फोडणाऱ्या द्रवात पेशी विरघळल्या की आधी ४ अंशांवर १२,००० जी वेगाने दहा मिनिटं फिरवा, वर आलेला मेदाचा थर सोडून खालचं द्रव घ्या. एमआरएनए किती टिकतो हे पाहायला लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए बनणं) थांबवणारं अ‍ॅक्टिनोमायसिन-डी, मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम. ०, २, ४, ८ तासांचे नमुने. पण एचयूआरसाठी हा मार्ग फसवा आहे: लिप्यंतरण थांबलं की एचयूआर केंद्रकातून बाहेर पेशीद्रव्यात येतं, म्हणजे जे मोजायचं तेच औषधाने हललेलं असतं. तिथे फोर-थायोयुरिडिन या नव्या आरएनएत शिरणाऱ्या खुणेने नवा आरएनए खुणावून जुना कसा घटतो ते मोजा, आणि एचयूआर नेमकं कुठे आहे ते केंद्रक आणि पेशीद्रव्य वेगळं करून तपासा.