साखर कुणाची तोडायची?

शनिवार, रात्री उशिरा

शेजारच्या वहिनींनी आज जिन्यातच अडवलं. त्यांच्या लहानग्या भाच्याला रक्ताचा कॅन्सर आहे, परळला उपचार चालू आहेत. "तू त्यातलंच काम करतेस ना? साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो म्हणतात. त्याच्या आईने दूधसुद्धा बिनसाखरेचं सुरू केलंय, भातही तोडलाय."

घरात बोलावलं, बसवलं आणि नीट सांगितलं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

हा समज कुठून आला ते कळतं. ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज अर्धवटच जाळतात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. पण लढायला उठलेल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी, त्याही नेमकं हेच करतात. टी-पेशींना चेतवलं की दोन-तीन दिवसांत फ्लास्कमधलं लालसर मीडियम (पेशी ज्यात वाढवतो तो द्रव) आधी नारिंगी होतं, मग पिवळं पडतं. आम्ल वाढलं की त्यातलं फिनॉल रेड रंग बदलतं. शेजारच्या फ्लास्कमध्ये ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशी वाढत असतात, त्यांचंही तसंच. मार्करने लिहिलेली नावं पुसली तर नुसत्या रंगावरून मलाही ओळखता येणार नाही, रोगी पेशी कोणत्या आणि राखणदार कोणत्या.

आणि ताटातली साखर काढली म्हणून रक्तातली संपत नाही, यकृत ती बनवत राहतं. उपाशी राहतं ते पोर. वजन उतरलं की केमो सोसवत नाही. स्टेरॉइड आणि अस्पॅराजिनेज ही औषधं चालू असताना काही मुलांची साखर वाढते, तेव्हा डॉक्टर पथ्य सांगतात, ते पाळायचंच. पण वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांना न विचारता भात तोडायचा नाही, हे वहिनींना दोनदा बजावलं.

उपाशी मारण्याची कल्पना मात्र चुकीची नाही. काय तोडायचं, एवढंच नेमकं कळायला हवं. १९५३ मध्ये जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधला लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) विरघळतो. पुढे उलगडा झाला की त्यात अस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल तोडणारं एन्झाइम असतं. आपल्या बहुतेक पेशी अस्पॅराजिन स्वतः बनवतात, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं जमत नाही. तसंच एन्झाइम, म्हणजे वर म्हटलेलं अस्पॅराजिनेज, आज या मुलांना औषध म्हणून देतात.

दुसरी गोष्ट तर आपल्या परळचीच. लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेतला, त्यांत गिरणीत राबणाऱ्याही होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलेट, एक ब जीवनसत्त्व. सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये हेच फोलेट अडवून ल्युकेमियाच्या मुलांना तात्पुरता का होईना उतार मिळवून दिला. ते १९४८ मध्ये छापून आलं. औषध पुरवलं होतं आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आज हाफकिनपासून चालत जाता येईल अशा टाटा रुग्णालयात मुलांना मिळतं. गिरणगावातल्या त्या बायकांची नावं कुठे नोंदली गेली असतील का, हा विचार मला परळ स्टेशनवर उतरताना हमखास येतो.

पण मेथोट्रेक्सेट थोड्या मात्रेत संधिवातालाही देतात, कारण ते प्रतिकारशक्तीला आवर घालतं. माझ्या कामाचा सगळा पेच इथेच आहे. ल्युकेमियाचं जे तोडू, ते टी-पेशींचंही तुटतं. आता तर आपण रुग्णाच्याच टी-पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवून औषध म्हणून देतो. मुंबई आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या अशाच उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा आमच्या लॅबमध्ये कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. त्या पेशींना कॅन्सर ओळखायला जो रिसेप्टर बसवतात, त्यात ४-१बीबी नावाचा भाग आहे. त्याने पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारी केंद्रं, वाढतात, नुसत्या ग्लुकोजवरची भिस्त कमी होते आणि पेशी जास्त टिकते. म्हणजे पेशी काय खायला शिकते, यावर तिचं आयुष्य ठरतं. मला हेच नीट समजून घ्यायचंय.

सोमवारी एकाच दात्याच्या टी-पेशी दोन वाटण्यांत लावतोय: एकीला आयएल-२, दुसरीला आयएल-७ आणि आयएल-१५ (टी-पेशींना वाढवणारी संदेशवाहक प्रथिनं). मग दोघींना कमी ग्लुकोजमध्ये ल्युकेमियासमोर उभं करायचं. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ल्युकेमिया वाढतो त्या अस्थिमज्जेत लॅक्टिक आम्लही असणार, तेही घालून बघूया का?" तिचं बरोबर आहे. म्हणजे प्लेट्स दुप्पट आणि रविवारीच मीडियम बनवून ठेवायला लागणार.