कुऱ्हाड फेकायला जायचंय? आधी पाट्या बघा

मागच्या महिन्यात भाच्याच्या बड्डेला पुण्याला गेलो होतो, तर तो म्हणे मामा, यंदा हॉटेल-बिटेल काही नाही, आपण अ‍ॅक्स थ्रोइंगला जाऊ. म्हटलं ते काय असते बाप्पा, तर समोरच्या लाकडी फळ्यांच्या पाटीवर नेम धरून कुऱ्हाड फेकायची, तीही पैसे देऊन. आमच्या आर्णीकडे कुऱ्हाड म्हणजे सरपण फोडायची, कुंपणाला काट्या तोडायची आणि दसऱ्याला हळदीकुंकू लावून पुजायची वस्तू, लहानपणी कोणी नुसती उचलून फिरवली तरी बाबा पाठीत धपाटा घालायचे. पण दोन जागी जाऊन आलो आणि मनापासून सांगतो, हा खेळ मला लई आवडला. फक्त जागा बघून निवडा. गावातले पोट्टे आता नागपूर-पुण्याला नोकरीला आहेत, ते विचारून राहिले म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली जागा भाच्याने फोटो पाहून बुक केली होती. लाइटिंग भारी, गाणे जोरात, भिंतीवर मोठ्ठं चित्र, सेल्फीला जागा. मी पाटीजवळ जाऊन पाहिलं तर मधोमध इतका मोठा खड्डा पडलेला की त्यात मूठ जाईल, आणि खड्ड्यात स्क्रूचं डोकं चमकत होतं. लाकूड वाळून टणक झालेलं. भाच्याच्या मित्राने फेकली ती खच्च नाही वाजली, टण्ण वाजली, आणि तीच कुऱ्हाड घरंगळत उलटी आली ती पार आमच्या रेषेपर्यंत. त्या पोराच्या पायात सॅंडल होती. कोणी त्याला दारातच अडवलं नव्हतं आणि लक्ष ठेवायला असलेला मुलगा मोबाईलमध्ये होता. माझ्या अंगावर काटा आला, तिथूनच सगळ्यांना घेऊन बाहेर निघालो. पैसे गेले ते गेले.

आता लाकडाचं सांगतो, कारण हे आपल्याला कळते आणि शहरातल्या पोरांना कोणी सांगत नाही. पाटी मऊ लाकडाचीच पाहिजे, बाहेरदेशी पाइन किंवा पॉपलर वापरतात, आपल्याकडे समजा सावरीसारखं हलकं. फळ्या उभ्या लावलेल्या पाहिजेत, म्हणजे पातं लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच शिरते, जसं आपण ओंडका फोडताना रेष धरून घाव घालतो. वाळलेल्या बाभळीवर कुऱ्हाड कशी उसळते ते ज्याने पाहिलं त्याला वेगळं सांगायची गरज नाही. चांगल्या जागी पाट्यांवर पाणी मारत राहतात आणि मधल्या फळ्या झिजल्या की बदलतात. फोन करून सरळ विचारा, फळ्या शेवटच्या कधी बदलल्या? जो अडखळला त्याच्याकडे जाऊ नका.

मग कुऱ्हाड हातात घ्या. दांडा हलतो का बघा, पाचर घट्ट बसली का बघा. आमच्याकडे धावड्याचा दांडा घालतात, आणि उन्हाळ्यात ढिला झाला की रात्रभर पाण्यात ठेवतात, लाकूड फुगून पातं पक्कं बसते. तिथे एवढं कोणी करत नसेल, पण हलणारी कुऱ्हाड मुकाट्याने परत द्या. आणि बोथट असली तर "सेफ आहे" म्हणून खूश होऊ नका, बोथटच जास्त उसळते.

दुसरी जागा ताईने शोधली. साधीच होती, गोदामासारखी, पण आत जाताच एका मुलीने सगळ्यांचे बूट पाहिले आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं शिकवलं. बारा फुटांवर उभं राहायचं, कारण तेवढ्या अंतरात कुऱ्हाड हवेत एक पूर्ण गिरकी घेते, दांडाच आपटला तर थोडं पुढे-मागे सरकायचं. ताकद नाही लावायची. शेजारच्या दोघांनी एकदम फेकायची आणि एकदमच आणायला जायचं, एक आणायला गेला अन् दुसऱ्याने फेकली असं कधीच नाही. आणि कुऱ्हाड हातातून हातात द्यायची नाही, ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. हे ऐकलं आणि मला बाबाच आठवले, हत्यार कधी हातात देऊ नये, भुईवर ठेवावं, हे त्यांचं रोजचं वाक्य! दोन लेनच्या, म्हणजे फेकायच्या पट्ट्यांच्या, मध्ये जाळी पण होती, पहिल्या जागी नुसती दोरी.

हिशोबाचं तेवढं विचारून घ्या, पैसे माणशी की लेनचे, आणि शिकवायचा वेळ त्यातच धरतात का. आठ जण एका लेनवर गेले तर अर्धा वेळ रांगेतच जाते. शक्यतो सकाळी जा. जिथे खेळताना दारू पण मिळते तिथे मी तरी कोणाला नेणार नाही.

हा खेळ आत्ता दिसतो तसा कॅनडातल्या टोरोंटोत २००६ साली कोणाच्या तरी घरामागच्या अंगणात सुरू झाला म्हणे, आणि आता त्याच्या लीगपण आहेत. आम्ही खेळलो तो दहा फेकींचा डाव, मधल्या ठिपक्याला सहा गुण. भाचा हिशोब ठेवून राहिला होता, त्याची पहिल्या डावात एकच लागली.

ताई मागे पर्स धरून बसली होती. मुलीने विचारलं काकू, तुम्ही? ती नको नको म्हणत उठली, पदर खोचला. पहिली दांड्यावर आपटली, दुसरी पण. तिसऱ्या वेळी ती अर्धं पाऊल मागे सरकली, कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि खच्च! ठिपक्याच्या बोटभर बाजूला. लग्नाआधी घरचं सरपण तीच फोडायची, मला हे पार विसरायला झालं होतं. रिक्षात बसल्यावर तिने भाच्याला विचारलं, सोमवारी चालू असते का रे ते?